एक खोकं, एक कॅन

सोमवार, २५ जुलै. सकाळी दहा.

ही वही वाचणारी मी एकटीच, म्हणून आधीच सांगून ठेवते. डेल्फी, चष्मा कपाळावर आहे. फ्रिजमध्ये शोधू नकोस. परवा तिथे होता, आज नाही. आणि वही कशासाठी सुरू केली हेही तू एव्हाना विसरली असशील, तेव्हा परत ऐक. केकसाठी.

शब्द माझे, अक्षर शेर्लीनचं. माझ्या बोटांत संधिवात आहे. शेर्लीनला काउंटीचं सरकार पाठवतं देखभालीला, सोमवार-बुधवार-शुक्रवार. पन्नाशीची बाई, गुडघे माझ्याहून वाईट, त्यामुळे कोण कुणाची देखभाल करतं ते अजून ठरलेलं नाही. हे लिहू नकोस म्हटलं. म्हणाली, लिहून झालं आजी. खोड म्हटलं. म्हणाली, पेनचं आहे.

मुद्दा असा. काल जेनेव्हाचा फोन. माझी मुलगी, ओहायोत डेटनला असते. एप्रिलमध्ये माझा नवरा होबर्ट गेला तेव्हापासून तिचा एकच धोशा, मम्मी एकटी राहू नकोस, इकडे ये, खोली तयार आहे. मे महिन्यात माझं घेवड्याचं पातेलं जळलं. एकदाच, तेही तळाशी. तेव्हापासून तर दर रविवारी. शेवटी काल सौदा झाला. एकवीस ऑगस्टला चर्चचं होमकमिंग. ओहायोला कामाला गेलेली सगळी खोऱ्यातली माणसं त्या एका रविवारी परत येतात, चर्चमागे टेबलं मांडून जेवण होतं. तेव्हा ती येईल. मी कुणाच्या मदतीशिवाय केक करून त्या टेबलावर ठेवायचा. केक खाण्याजोगा आणि घर शाबूत, तर ती डेटनचं नाव पुन्हा काढणार नाही. नाहीतर मी निमूट बॅग भरायची.

मला हसूच आलं. साठ वर्षं या खोऱ्यात माझ्या केकशिवाय ना लग्न लागलं, ना कुणाला मूठमाती मिळाली. आणि मला म्हणे केक करून दाखव!

संकल्प : चार आठवडे, एक केक. उरलेल्या वेळात गोधडी.

बुधवार, २७ जुलै.

पद्धत ठरली. एक खोकं, एक कॅन. केकच्या तयार पिठाचं खोकं फोडायचं, त्यात कोल्ड्रिंकचा कॅन ओतायचा, ढवळायचं, ओव्हनमध्ये सारायचं. अंडी नाहीत, तेल नाही, मापं नाहीत. होबर्टच्या मयताच्या जेवणात कुणाची तरी सून दुसरीला सांगत होती. मी रडत होते, पण कान उघडे होते.

शेर्लीनने विचारलं, आजी, नेहमीचाच का नाही करत, खोक्यामागे सगळं लिहिलेलं असतं. म्हटलं, खोक्यामागचं बघून करतात ते नवशिके. पूर्वी होबर्ट ओव्हनशेजारच्या खुर्चीत बसून खोक्यामागचं मोठ्यानं वाचायचा, मी करायचे. त्याला वाचायची हौस फार. मी त्याला वाचू द्यायचे. साठ वर्षांत एवढं तरी करावं माणसाच्या मनासारखं.

ओव्हनच्या बटणाशी त्यानं माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवलाय. बटण ठिपक्यावर आणायचं, की झालं. वेळ : टीव्हीवर दुपारची मालिका सुरू झाली की केक आत, संपली की बाहेर. शास्त्रशुद्ध काम.

शुक्रवार, २९ जुलै.

काल पहिला प्रयोग. यशस्वी म्हणायला हरकत नाही.

झालं असं की खोकं आणि कॅन एकत्र केलं आणि अंड्यांवाचून मला चैन पडेना. वनेटा क्रेसला कळलं तर काय म्हणेल? वनेटा माझी चर्चमधली मैत्रीण. म्हणजे साठ वर्षं आम्ही एकमेकींच्या केककडे बघून गोड हसत आलोय. ती सुकवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक करते. नऊ थर, सगळं हातानं, खोकं शिवत नाही. खाताना खोगीर चावल्यासारखं वाटतं. लोक भिडेखातर खातात. दर वेळी ताटली पुसून संपतो हे खरं, पण आमच्या खोऱ्यात भीड फार.

तर तीन अंडी घातली. मग तेलही घातलं, अंड्यांना सोबत. मग ढवळताना हलकं वाटलं म्हणून आणखी अर्धा कॅन. मालिकेत पहिल्या जाहिरातीपर्यंत ठीक होतं. दुसऱ्या जाहिरातीला केक पॅनमधून उतू जाऊन ओव्हनच्या तळाशी पोचला आणि तिथेच भाजायला लागला. धुराचा भोंगा वाजला. भोंग्यातला सेल काढून ठेवला. त्याला उगाच घाबरायची सवय आहे.

कोपरा चांगला लागला. माझा चांगला पॅन मात्र कामातून गेला, छिन्नीनंही निघेना. आज शेर्लीननं आल्या आल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. मग छिन्नी उचलून ठेवली. तेच मला आवडलं नाही.

संकल्प : अंडी नाहीत. खरंच नाहीत.

सोमवार, १ ऑगस्ट.

अंडी घातली नाहीत. एक खोकं, एक कॅन. कॅन जांभळा होता, दिसायला सुरेख. द्राक्षाचं कोल्ड्रिंक. पीठ पिवळं. दोन्ही चांगले रंग, पण एकत्र आल्यावर पटलं नाही त्यांचं. केक बाहेर आला तो पडल्यावर चौथ्या दिवशी मांडी दिसते तसा.

शेजारच्यांच्या कुत्र्यापुढे टाकला. त्यानं हुंगला, माझ्याकडे पाहिलं आणि जाऊन आपल्या जुन्या हाडाशी बसलं. कुत्र्याला काय समजावणार? पण मला लागलं.

तीन आठवडे आहेत. मजेत होईल.

शुक्रवार, ५ ऑगस्ट.

काल रंग जमला होता. पांढऱ्या खोक्यात पांढरं पीठ, लिंबाचं कोल्ड्रिंक. मालिका सुरू झाली, केक आत. पण नायिकेला कळायचं होतं की मूल कुणाचं, तेवढ्यात मालिका थांबवून पुराच्या बातम्या लावल्या. खालच्या काउंटीत पाणी चढलंय. मी बसून राहिले, मालिका संपेल तेव्हा उठेन म्हणून. पाणी काही उतरेना.

शेर्लीन आज म्हणाली, आजी, हा दगड कुठे सापडला तुम्हाला. म्हटलं, हा केक आहे. म्हणाली, अगंबाई. मग म्हणाली, घड्याळ लावू या का? म्हटलं, घड्याळाला काय कळतं.

पुरात माझा काही दोष नाही. जेनेव्हाला फोनवर सांगितलं, केक छान घट्ट झाला.

सोमवार, ८ ऑगस्ट.

हे खोकं बनवणाऱ्यांना कुणीतरी विचारायला हवं. चित्र काढता तर आत असेल त्याचं काढा! शनिवारी डॉलरच्या दुकानातून तपकिरी, चकचकीत चित्राचं खोकं आणलं. चॉकलेटचा केक दिसत होता. एक कॅन ओतला. ओव्हनमध्ये ठेवला. मालिकेच्या वेळेला हलत होता. रात्रीच्या जेवणाला हलत होता. रविवारी चर्चला जाताना काढला तेव्हाही मला बघून हलला.

आज शेर्लीनने खोकं हातात घेतलं, उलटंपालटं केलं. म्हणाली, आजी, हे पुडिंग आहे. म्हटलं, ठाऊक आहे मला, मुद्दाम केलं, वेगळेपणा म्हणून. म्हणाली, हो का. आणि दोन वाट्यांत वाढलं. आम्ही चमच्यानं खाल्लं. तिनं दोनदा घेतलं, हे लिही. लिहिलंस का? वाचून दाखव. लिहिलंय.

बुधवार, १० ऑगस्ट. दुपार.

आज नको ते झालं. थोडक्यात सांगते.

वनेटा आली. पांढरी टोपी, पर्स, सगळं. होबर्टच्या मयताला बायकांनी जेवण आणलं होतं ते पॅन तिला परत हवे होते, म्हणजे तिचा एक. आमच्याकडे रीत आहे, मयताच्या घरी चूल पेटत नाही तोवर गावानं पोसायचं, आणि ज्याच्या त्याच्या पॅनच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं. महिन्याभरात ज्याचा त्याला पोचता करायचा. माझ्याकडे अकरा पॅन कपाटात आहेत, एप्रिलपासून. कामाच्या रगाड्यात राहून गेलं.

वनेटा म्हणाली, अगं डेल्फी, साधा माझा पॅन तर दे, बुडाला नाव आहे बघ. मी वरचा काढून दिला. म्हणाली, हा ओमाचा. मी दुसरा दिला. म्हणाली, डेल्फी, हा धर्मगुरूंच्या बायकोचा. मी म्हटलं, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, ऑपरेशन करायचंय. तिसरा दिला. तो तिनं उलटा करून बघितलासुद्धा नाही. माझ्याकडेच बघत राहिली. मग म्हणाली, राहू दे गं, होमकमिंगला ने बरोबर, तिथे घेईन. एक टोमणा नाही. खोक्यातल्या केकबद्दल चकार शब्द नाही. जाताना माझ्या दंडावर हात ठेवला.

मला वाटतं ती आजारी आहे.

त्याच कपाटाच्या दारावर आतून होबर्टनं चिकटपट्ट्या लावून ठेवल्यात. फेब्रुवारीत, अंथरुणावर पडायच्या आधी, एक अख्खी दुपार बसून माझं नाव लिहीत होता. म्हणाला, घे, पुढची काही वर्षं पुरतील. पॅन घ्यायचा, पट्टी काढायची, बुडाला लावायची. शेर्लीन पहिल्या दिवशी पीठ शोधताना त्या दारापाशी बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, काय मोजतेस? म्हणाली, बशा.

सोमवार, १५ ऑगस्ट.

शेर्लीनला एक खोड आहे हे आजच कळलं. ती मोठ्यानं वाचते. होबर्टच्या खुर्चीत बसली, गुडघे दुखतात म्हणून, आणि हातात खोकं घेऊन आपली आपल्याशीच वाचायला लागली. पिवळ्या केकचं पीठ, म्हणाली. पॅनला लोणी लावा, म्हणाली. मी तिकडे लक्ष देत नव्हते. योगायोगानं त्याच वेळी पॅनला लोणी लावत होते. मग म्हणाली, तीस मिनिटं, म्हणजे घड्याळाचा मोठा काटा वरून खाली. मग काट्याकडे बघत बसली.

केक झाला. केकसारखा केक. दाबला की वर येणारा.

ही मदत नव्हे. कुणी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचलं तर त्याला कुणी मदत म्हणत नाही.

शुक्रवार, १९ ऑगस्ट.

तयारी पूर्ण. पिवळं खोकं आणि हिरवा कॅन ओट्यावर मांडून ठेवलेत. दुकानातून येताना शेर्लीनच्या पिशवीत निघाले, ती म्हणाली, चुकून दोन-दोन घेतले. उद्या, शनिवारी, मी एकटी करणार. ती म्हणाली, आजी, उद्या सुट्टी असली तरी चक्कर टाकू का? म्हटलं, सौदा म्हणजे सौदा. म्हणाली, निदान पॅनला नावाची पट्टी तरी मी आत्ताच लावून देते. म्हटलं, पट्टी चिकटवायला काय कॉलेजात जावं लागतं?

जेनेव्हा उद्या संध्याकाळी पोचेल. बॅग माळ्यावर आहे आणि माळ्यावरच राहील. सोमवारी गोधडी सुरू.

सोमवार, २२ ऑगस्ट.

केक यशस्वी. हे आधी लिही. मोठ्या अक्षरात लिही.

एक खोकं, एक कॅन. अंडी नाहीत. मोठा काटा वरून खाली. रंग सोन्यासारखा, वरून पिठीसाखर. जेनेव्हानं आल्यावर ओव्हनमध्ये डोकं घालून बघितलं, भोंग्यात सेल आहे का बघितलं (होता, शेर्लीनने घातला होता), मग माझ्याकडे बघून म्हणाली, बरं मम्मी, हरले. अगदी असं म्हणाली. हरले. ते शब्द वहीत राहू देत.

माझा चांगला पॅन छिन्नीखाली गेला होता, उरलेले टेबलावर न्यायच्या लायकीचे नाहीत, म्हणून मयताच्या अकरातला चांगला बघून घेतला, कोपऱ्यात पोचा आलेला. पट्टी लावायला कपाट उघडलं. बाकीच्या सगळ्या आखूड, सारख्या. तळाशी एक लांब होती, टीचभर. मी म्हटलं, ही होमकमिंगसाठीच असणार. आडनावासकट. कदाचित वर सौ. सुद्धा. होबर्टला माहीत होतं मला मिरवायला आवडतं. बुडाच्या जुन्या पट्टीवरच ती चिकटवली.

हो शेर्लीन, कळलंय मला, तू पहिल्या दिवशीच वाचली होतीस. रडू नकोस, वहीवर पडतंय. लिही.

टेबलावर माझा केक पहिला संपला. वनेटाच्या आधी! वनेटानं स्वतः दोन तुकडे घेतले. बोटाला लागलेली साखर चाटताना तिची नजर पॅनवर गेली. म्हणाली, अगं, हा पोचा तर माझ्या पॅनचा! आणि हसत हसत, सगळ्यांना आपलं नाव दाखवायला, रिकामा पॅन उचलून उलटा केला.

मग तिचं हसणं थांबलं. तिनं पटकन पट्टीवर अंगठा ठेवला. म्हणाली, काही नाही, डेल्फीचंच नाव आहे. पण पट्टी अंगठ्यापेक्षा लांब. जेनेव्हा शेजारी उभी. म्हणाली, अय्या, पप्पांचं अक्षर! आणि तिनं पॅन ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचायला लागली. तिला वाटलं पप्पांनी काही गंमत लिहिली असेल. तो करायचा गमती. चाळीस माणसं ऐकत होती. 'माझ्या डेल्फीला वाचता येत नाही,' इथवर मोठ्यानं. 'कुणालाही सांगू नका, पण खोक्यामागचं कुणीतरी तिला वाचून दाखवा,' हे हळू हळू. 'सावकाश,' हे तर ओठांतल्या ओठांत.

मला त्यानं लग्नाच्या दिवशी शब्द दिला होता, कुणालाही सांगणार नाही. पाळला. लिहिणार नाही असं कुठे म्हणाला होता!

धर्मगुरूंच्या बायकोनं मका पुढे केला. मग प्रार्थना, मग गाणी. मी भजनाचं पुस्तक उघडून उभी राहिले, नेहमीसारखी. सगळी गाणी मला पाठ आहेत. साठ वर्षांत पहिल्यांदा शेजारच्या बाईनं हात पुढे करून माझं पुस्तक सुलटं केलं.

गाडीत जेनेव्हा म्हणाली, मम्मी, मग गोळ्यांच्या बाटल्या? मी म्हटलं, रंगावरून. ती म्हणाली, पत्रं? मी लिहिलेली पत्रं? म्हटलं, पप्पा वाचायचे, छान वाचायचे. ती म्हणाली, आणि एप्रिलनंतरची? ती डब्यात आहेत. शाबूत आहेत. तेही सांगितलं. घरी आल्यावर ती शिडी घेऊन माळ्यावर गेली.

मी म्हटलं, अगं, सौदा केकचा होता आणि केक झाला. ती म्हणाली, केक छान होता मम्मी. आणि बॅग झटकायला अंगणात नेली.

केक उत्तम झाला होता. हे खालीही एकदा लिही.

सोमवार, १२ सप्टेंबर. डेटन. सकाळ.

शेर्लीन, वही तुझ्याकडेच राहिली ते बरं झालं. फोनवर सांगते, लिहून घे. जेनेव्हा कामावर गेलीय.

अकरा पॅन पोचते केलेस, आभार. घराला कुलूप नीट लागतं का बघ, दार जरा उचलून लावावं लागतं. कपाटावरच्या आखूड पट्ट्या काढू नकोस. कुणाला उपयोग नाही, पण राहू देत.

इथे सगळं आहे. ओव्हनला आकडे आपोआप दिसतात, ठिपका नाही. जेनेव्हा मला सगळं वाचून दाखवते. दुधाची बाटली, साबण, लिफ्टमधली सूचना. मोठ्यानं, मी बहिरी असल्यासारखी. काल एक खोकं वाचलं. मी ढवळायला घेतलं तर ती शेवटच्या ओळीला पोचलीसुद्धा. ती भरभर वाचते. होबर्ट थांबायचा. माझं ढवळून होईपर्यंत पुढची ओळ उच्चारायचा नाही. तो केक मी टाकून दिला. दोष कॅनचा होता.

तिनं मला मुळाक्षरांचं पुस्तक आणलंय, अक्षरागणिक चित्र असलेलं. संकल्प केला होता, नाताळापर्यंत वाचायला लागायचं. तीन आठवडे झाले, पहिल्या पानावर आहे. पुढे जाणार नाही, हे तुला सांगते, तिला सांगू नकोस. संधिवात.

आता नीट ऐक. शनिवारी ओमाचा जावई ट्रक घेऊन डेटनला येतो, त्याच्याबरोबर पाठव. केकचं खोकं नको, कॅन नको. वनेटाला सांग, तिचा सफरचंदांचा केक कर म्हणावं, नऊच्या नऊ थरांचा, आणि अर्धा नको, अख्खा. खोगीर बिगीर मी कधी म्हटलं नव्हतं. पॅन परत मिळेल म्हणावं, या वेळी मिळेल. बुडाच्या पट्टीवर नाव लिहू नकोस म्हणावं. सफरचंदाचं चित्र काढ म्हणावं.

तेवढं येतं मला. पहिल्याच पानावर आहे.